काचेच्या नळीतील जीव : डॉ. कमल रणदिवे

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या आपल्या पट्ट्यात कॅन्सर हा शब्द सहसा कोणी उच्चारीत नाही. अमक्याला टाटाला नेले आहे, एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सारे कळते. सकाळच्या लोकलला कापडी पिशवीतून एक्स-रेचे मोठे पाकीट डोकावत असले आणि जवळ एखादा गप्प बसलेला माणूस असला, की डब्यातील कोणीतरी न बोलता त्याला जागा करून देतो. आमच्या चाळीतूनही असे दोघे-तिघे दादरला उतरून परळला गेलेले मी पाहिले आहेत. टाटा म्हणजे रांगा, केस-पेपर, धर्मशाळा आणि औषधे एवढेच मला माहीत होते. त्या इस्पितळाच्या शेजारीच अशा खोल्या होत्या जिथे रोगी नव्हतेच, होत्या फक्त काचेच्या नळ्या, आणि त्या नळ्यांमध्ये माणसाच्या शरीराचे कण जिवंत ठेवण्याचा खटाटोप वर्षानुवर्षे चालला होता, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. तो खटाटोप आपल्या देशात ज्यांनी सुरू केला त्या डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी लिहिण्याचे मी योजले आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी आहे. शास्त्राच्या बाबतीत काही चूकभूल झाली तर आमच्या शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींनी सांभाळून घ्यावे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्राचे प्राध्यापक होते व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत. आईचे नाव शांताबाई. मुलींची शाळा म्हणून १८८४ पासून नावाजलेल्या हुजूरपागेत कमलचे शिक्षण झाले. घरात पुस्तके आणि वडील स्वतः प्राध्यापक, असे भाग्य त्या काळात किती मुलींच्या वाट्याला आले असेल? हे मुद्दाम लिहिते, कारण मोठ्या व्यक्तींच्या चरित्रात त्यांच्या जिद्दीचे वर्णन भरपूर असते, पण घरातील कपाटाचे नसते. कमलला मात्र ते कपाट मिळाले आणि तिने त्याचे चीज केले, हेही तितकेच खरे.

वडिलांची इच्छा होती की मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे. मुलीने यातले एकही केले नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन तिने पदवी मिळवली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केले. त्यासाठी निवडलेला विषय ऐकून मला गंमत वाटली. सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि त्यांतील गुणसूत्रे हा तो विषय होता. कर्करोगाशी त्याचा काय संबंध, असे वरवर पाहता वाटते. परंतु पेशी सीताफळाची असो वा माणसाची, तिच्या पोटात गुणसूत्रे असतात, ती दुभंगते आणि एकीच्या दोन होतात. हे दुभंगणे ज्याला सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहता आले, त्याला ते बिघडले म्हणजे कसे दिसते हेही ओळखता येते. कर्करोग म्हणजे तरी दुसरे काय? पेशींनी थांबण्याचे विसरणे.

मध्यंतरी, १३ मे १९३९ रोजी, गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. लग्न झाले म्हणजे मुलीचे शिक्षण संपले, असे मानण्याचा तो काळ होता. (तो पुरता संपला आहे असे माझ्या काही मैत्रिणींच्या घरी अजून वाटत नाही.) येथे उलटे घडले. लग्नानंतर चार वर्षांनी एम.एस्सी., दहा वर्षांनी पीएच.डी., आणि या अभ्यासात पतीने मनापासून साह्य केले.

मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. रोग झाल्यावर शरीराच्या आत नेमके काय बदलते याचा शोध घेणारे ते शास्त्र. केवळ शस्त्रक्रिया करून आणि किरण देऊन भागणार नाही, हा रोग मुळात होतो कसा हे येथेच, आपल्या लोकांमध्ये, शोधले पाहिजे, अशी खानोलकरांची धारणा होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. येथून पुढे मी त्यांना रणदिवेबाई म्हणणार आहे. आपण आपल्या प्राध्यापिकांना बाई म्हणतो त्याच हक्काने.

पीएच.डी.च्या कामात बाईंचे सोबती होते उंदीर. हे उंदीर आपल्या घरातले नव्हेत. वीस-वीस पिढ्या सख्ख्या भावंडांचे मीलन घडवून शास्त्रज्ञांनी उंदरांचे असे वाण तयार केले आहेत की एका वाणातील सर्व उंदीर जुळ्यांसारखे सारखे असतात. काही वाणांतील माद्यांना स्तनाचा कर्करोग हटकून होतो, काहींना क्वचितच होतो. मग प्रश्न असा की हा फरक रक्तातून येतो की आणखी कशातून? १९३६ साली अमेरिकेत बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला होता. कर्करोग होणाऱ्या वाणाची पिल्ले जन्मतःच दुसऱ्या, निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली. त्या पिल्लांना मोठेपणी कर्करोग फार कमी प्रमाणात झाला. म्हणजे दुधातून काहीतरी जात होते. ते काहीतरी म्हणजे विषाणू होता, हे पुढे सिद्ध झाले. रणदिवेबाईंनी उंदरांचे निरनिराळे वाण घेऊन आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके, गर्भारपण आणि हा विषाणू यांचे धागे एकमेकांत कसे गुंतलेले असतात याचा अभ्यास केला. रोगाला एकच एक कारण शोधत बसण्यापेक्षा अनेक कारणे एकत्र कशी येतात हे पाहण्याची त्यांची सवय येथेच लागली असावी.

पीएच.डी.नंतर त्यांना परदेशी अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गाय यांचा ध्यास एकच होता. माणसाची पेशी शरीराबाहेर जगवायची आणि वाढवायची. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक कारखानाच होता. नळ्या सावकाश फिरत्या ठेवणारे चक्र त्यांनी स्वतःच तयार केले होते, म्हणजे पेशींना आलटून पालटून खाद्य आणि हवा दोन्ही मिळे. पेशींच्या खाद्यासाठी ते कत्तलखान्यात जात आणि प्रसूतिगृहातून नाळेचे रक्त आणीत. तरीही माणसाच्या पेशी बहुधा काही दिवसांत मरून जात.

याच प्रयोगशाळेत १९५१ साली जगातली पहिली अशी मानवी पेशी मिळाली जी मरेना. ती आली होती हेन्रिएटा लॅक्स नावाच्या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून. पाच मुलांची ही आई त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली. तिच्या पेशी मात्र हेला या नावाने जगभर पोचल्या, पोलिओच्या लशीपासून कितीतरी कामांना उपयोगी पडल्या आणि आजही वाढत आहेत. तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षे लागली. २०२३ साली एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली, तेव्हा या गोष्टीवर पुन्हा चर्चा झाली. बाईंच्या चरित्रात हा मजकूर कशाला, असे कोणी म्हणेल. पण जी विद्या त्या तेथून घेऊन आल्या तिच्या मुळाशी एका गरीब बाईच्या शरीराचा तुकडा आहे, हे न सांगता पुढे जाणे मला बरे वाटले नाही. टाटाच्या रांगेतही तशीच माणसे उभी असतात.

शिकून झाल्यावर बाई परत आल्या. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले होते. या संस्थेत त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील अशा तऱ्हेची ती पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

ऊतिसंवर्धन हा जड शब्द आहे, म्हणून त्याचा अर्थ थोडक्यात सांगते. शरीरातून काढलेला मांसाचा बारीकसा तुकडा घ्यायचा. त्याचे आणखी बारीक कण करायचे, किंवा त्यातील पेशी एकमेकींपासून सुट्या करायच्या. त्या काचेच्या भांड्यात ठेवायच्या आणि वर असा रस घालायचा ज्यात क्षार, साखर, प्रथिनांचे घटक आणि रक्ताची निवळ असते. मग ते भांडे शरीराइतक्याच उबेत, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसवर ठेवायचे. दर दोन-तीन दिवसांनी जुना रस काढून नवा घालायचा, कारण पेशी खातात तशी घाणही करतात. त्या वाढून भांड्याचा तळ भरला की निम्म्या उचलून दुसऱ्या भांड्यात लावायच्या. रोपवाटिकेतील काम आणि हे काम यांत तत्त्वतः फार अंतर नाही. फरक एवढाच की या रोपांना हवेतला एक जंतू, बुरशीचा एक कण पुरेसा होतो. जो रस पेशींना पोसतो तोच बुरशीला आवडतो, आणि बुरशी पेशींच्या कितीतरी पट वेगाने वाढते. एका रात्रीत महिन्याचे काम गढूळ होऊन जाते. मुंबईचा पावसाळा ज्याने पाहिला आहे, ज्याच्या घरात आषाढात चपलांना आणि पापडांना बुरा येतो, त्याला या कामातील जिकिरीची कल्पना यावी. भांडी धुणे हेच तेथे अर्धे शास्त्र असते. साबणाचा अंश राहिला तरी पेशी मरतात. रविवार, गणपती, दिवाळी हे पेशींना ठाऊक नसते, त्यांना वेळेवर खाद्य लागतेच. आपल्या आया-आजींनी विरजण जतन केले, त्या मुरलेल्या हाताची आठवण मला हे वाचताना झाली. उपमा थोडी घरगुती आहे खरी, पण मला तरी तीच पटली.

एवढा उपद्व्याप कशासाठी? कारण जिवंत माणसावर प्रयोग करता येत नाही. एखाद्या द्रव्याने पेशी बिघडते का, विषाणू आत शिरल्यावर काय करतो, औषधाने रोगट पेशी मरते पण चांगली वाचते का, हे पाहायला शरीराबाहेर जगणारी पेशी हाताशी लागते. बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांवर काम केले. त्यांच्या नावावर कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवरील दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत.

कुष्ठरोग हे नाव येथे पाहून मीही थबकले होते. कर्करोगाच्या संस्थेत कुष्ठरोग कसा आला? खानोलकरांना या रोगाविषयी जुनी आस्था होती, आणि महाराष्ट्रात त्या वेळी हा प्रश्न किती मोठा होता हे आनंदवनाची गोष्ट माहीत असलेल्यांना सांगायला नको. शास्त्राच्या दृष्टीने अडचण अशी होती की कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ सालीच शोधला होता, पण तो प्रयोगशाळेतील खाद्यावर वाढवणे कोणालाच जमले नव्हते. आणि जंतू वाढवता येत नसेल तर लस कशाची करणार? हा जंतू माणसाच्या चेतातंतूंत घर करतो. तेव्हा चेतापेशींचे संवर्धन करून त्याच्या आधाराने हा जंतू वाढतो का, असा मार्ग परळच्या संशोधकांनी धरला. म्हणजे बाईंची काचेची नळी येथेही कामाला आली. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली रुग्णाच्या शरीरातून एक जंतू वेगळा केला. त्याला संस्थेच्याच आद्याक्षरांवरून आय.सी.आर.सी. जंतू असे नाव पडले.

हा खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे काय, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. तो त्याचा नात्यातला पण वेगळा जंतू आहे, असे मत अखेर रूढ झाले. म्हणजे मूळ आशा पुरी झाली नाही. पण काम वाया गेले नाही. याच जंतूपासून डॉ. म. ग. देव यांच्या गटाने १९७९ साली कुष्ठरोगावरील लस तयार केली. तामिळनाडूत सुमारे १,७१,००० लोकांवर निरनिराळ्या लशींची तुलना करणारी मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे त्यात आढळले. बी.सी.जी.चा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. तोपर्यंत अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती आली होती, रुग्णांची संख्या झपाट्याने खाली आली होती आणि लशीची निकड कमी झाली होती. चाळीस वर्षे चाललेले काम सिद्ध होते आणि नेमकी त्याच वेळी त्याची गरज ओसरते, याला काय म्हणावे? रोगी बरे झाले ही आनंदाचीच गोष्ट. पण नळ्या धुणाऱ्या त्या हातांबद्दल मला चुटपुट लागून राहिली.

मानसन्मानांविषयी थोडक्यात. भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना १९६४ साली मिळाला. सुवर्णपदक आणि १५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते. पद्मभूषण १९८२ साली मिळाले. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. याच सुमारास टाटा इस्पितळ आणि ही संशोधनसंस्था एका छत्राखाली आल्या. परदेशी गेलेल्या हुशार तरुण संशोधकांना परत येण्यास उद्युक्त करणे हे काम त्यांनी आग्रहाने केले. स्वतः परत आलेल्या माणसालाच असा आग्रह धरण्याचा अधिकार असतो.

बाईंनी मूलपेशींवर काम केले असे मी म्हणत नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात ही कल्पनाच नुकती रुजत होती. रक्तातील सर्व प्रकारच्या पेशी अस्थिमज्जेतील एकाच मूळ पेशीपासून होतात, हे कॅनडातील टिल आणि मॅक्युलॉक यांनी १९६१ साली दाखवले, आणि तेही एकसारख्या वाणाच्या उंदरांवरच. पण मूलपेशी असो की दुसरी कोणती, तिला शरीराबाहेर काढून, सांभाळून, पुन्हा माणसाच्या कामी लावण्यासाठी जी शिस्त लागते ती कोणीतरी अगोदर या मातीत लावावी लागते. मार्च १९८३ मध्ये टाटा इस्पितळात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा रोपण केले. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि मज्जा दिली तिच्या भावाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणखी एका उपचाराला आपल्या देशात मान्यता मिळाली. मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा यांनी मिळून तो सिद्ध केला आहे. रुग्णाच्याच रक्तातील लढाऊ पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचे, काचेत वाढवायच्या आणि परत त्याच्याच शरीरात सोडायच्या. परळच्या संशोधनसंस्थेचे बिऱ्हाड २००२ पासून खारघरला गेले आहे. त्यामुळे आपल्याकडचे काही रुग्ण हल्ली दादरऐवजी ठाण्याला गाडी बदलताना दिसतात.

शास्त्रज्ञ म्हणून नाव झाल्यावर बाईंनी आणखी एक गोष्ट केली, ती मला त्यांच्या शोधांइतकीच मोठी वाटते. १९७३ साली अकरा सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. संघटना म्हटले की ठराव आणि भाषणे डोळ्यांपुढे येतात. या संघटनेने वाशीला नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह काढले, मुलांसाठी पाळणाघर काढले. स्त्रिया संशोधनात मागे का, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी नाही, संध्याकाळी सहा वाजता मूल कोणाकडे आहे यावर ते अवलंबून आहे, हे ज्यांनी स्वतः संसार आणि प्रयोगशाळा दोन्ही सांभाळली त्यांनाच उमगणार. आमच्या घरी पदवीच्या वर्गापर्यंत पोचलेली मी पहिलीच. पुढे शिकेन की नाही हे माझ्या गुणांवर ठरेल, की घरी धाकट्यांना कोण पाहणार यावर, हे मला आज सांगता येत नाही. म्हणून पाळणाघराची ही हकीकत मी दोनदा वाचली.

निवृत्तीनंतर त्यांनी विश्रांती घेतली नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या संस्थेच्या साह्याने त्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करू लागल्या. ज्या हातांनी पेशींना वेळेवर खाद्य दिले, त्या हातांनी आता मुलांची वजने-उंची, रक्तातील लोह यांचा हिशेब मांडायला घेतला. खेड्यातील बायांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देण्याचे कामही त्यांच्या संघटनेमार्फत चालले. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून उठून डोंगराच्या पायवाटेवर जाणे हा मोठा बदल आहे असे लिहिण्याचा मला मोह झाला होता. पण नीट पाहिले तर बदल फारसा नाही. दोन्हीकडे काम एकच, जीव नीट पोसला जातो आहे की नाही हे मोजून पाहणे.

२००१ साली डॉ. कमल रणदिवे यांचे निधन झाले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या एकशे चाराव्या जन्मदिनी, गूगलने आपल्या पहिल्या पानावर सूक्ष्मदर्शकात पाहणाऱ्या एका बाईंचे चित्र लावले होते. मी तेव्हा दहावीत होते. मोबाइलवर ते चित्र मी पाहिले होते, आणि कोण्या परदेशी बाईंचे असेल असे समजून पुढे सरकवले होते.